कपड्यांच्या कंपनीचे बातमीपत्र लिहिणाऱ्या मुलीस

रत्नागिरी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुरुषांचे तयार कपडे बनवणाऱ्या तुझ्या कंपनीने कोकणातल्या ग्राहकांसाठी इथली संस्कृती, खेळ आणि राहणीमान यांच्या बातम्यांचे पाक्षिक काढायचे ठरवले आणि त्याची जबाबदारी तुझ्यावर सोपवली, हे वाचून समाधान वाटले. प्रत्येक मजकुरात निदान एकदा तरी कंपनीच्या शर्टाचा उल्लेख यावा, अशी तुझ्या वरिष्ठांची अपेक्षा आहे आणि तुला ती मनातून पटलेली नाही, असे तू लिहितेस. मला विचारशील तर ज्या प्रसंगी माणसांच्या अंगावरचा कपडा खरोखरच बातमीचा भाग असतो, तिथे त्याच्याविषयी भरभरून लिहावे, मग तो कोणीही शिवलेला असो. आणि जिथे तो बातमीचा भाग नसतो, तिथे शर्टाचे नावही काढू नये. कंपनीला जे सांगायचे आहे त्यासाठी त्याच अंकात जाहिरातीची स्वतंत्र चौकट ठेवता येते.

हे पथ्य इतरत्र पाळणे कदाचित जड गेले असते. कोकणात ते तसे जाऊ नये, कारण इथल्या बहुतेक उत्सवांत आणि खेळांत पुरुषाच्या वेशाला स्वतःचे स्थान आहे. दशावतार या इथल्या लोकनाट्याचेच घे. दिवाळीनंतर सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळांचा हंगाम सुरू होतो आणि एका गावातला प्रयोग पहाटे दहीकाल्याने संपवून तीच मंडळी संध्याकाळी दुसऱ्या गावात उभी राहतात. कुडाळ, वेंगुर्ले किंवा सावंतवाडीच्या बाजूला अशा जत्रेला जाशील तेव्हा नाटक सुरू व्हायच्या वेळी न जाता दिवेलागणीलाच पोहोच आणि परवानगी घेऊन रंगपटात एका कोपऱ्यात बस. मंडळाचा पेटारा, त्यातला गणपतीचा मुखवटा आणि त्याची पूजा तुला तिथे पाहायला मिळेल. नट आपली रंगभूषा आपल्याच हाताने करतात, राजपार्टी म्हणजे राजाची भूमिका करणारा आपला मुकुट आणि भरजरी अंगरखा स्वतः नीट बसवून घेतो, आणि दिवसा शेतात किंवा एखाद्या दुकानात काम करणारा गृहस्थ स्त्रीपार्टीसाठी नऊवारी इतक्या सफाईने नेसतो की त्याचे निरीक्षण हाच एका लेखाचा विषय व्हावा. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी सांगितले जाते आणि संवाद रंगमंचावरच रचले जातात. शब्दांचा आधार असा सैल असल्यामुळे प्रेक्षकांना पात्र ओळखू येते ते प्रथम वेशावरून, आणि म्हणून नट वेशाच्या बाबतीत काटेकोर असतात. त्यांना विचार की मखमल रोजच्या प्रयोगांत घामाने भिजते ती वाळते कधी, जरीचे काम उसवले तर कोण दुरुस्त करतो, शालू मंडळाचा की नटाचा, आणि पूर्वी पायी हिंडणाऱ्या मंडळींकडे किती कपडे असत. अशा मुलाखतीत तुझ्या कंपनीला विकण्याजोगे काहीही नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही पुरुषांच्या वस्त्रांविषयी बोलणाऱ्या पाक्षिकाने कोकणातल्या पुरुषाच्या सर्वांत देखण्या वेशाकडे पाठ फिरवली, तर वाचक त्यातल्या शर्टांच्या मजकुरावर तरी का विश्वास ठेवील?

शिमग्याबाबत मात्र हात राखून लिहावे लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांत तेरसे म्हणजे त्रयोदशीचे शिमगे होतात, काही गावांत भद्रेचे म्हणजे पौर्णिमेचे. पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या मानाच्या चौथऱ्यावर, कधी येते, घरोघर किती दिवस फिरते, पहिला मान कोणाचा, नंतरचा कोणाचा, हे प्रत्येक गावाचे वेगळे असते आणि त्यावरून भाऊबंदांत वाद होऊन प्रकरणे पोलिसांपर्यंत गेल्याचीही उदाहरणे आहेत. तेव्हा मानकऱ्यांची नावे आणि त्यांचा क्रम गावकऱ्यांच्या बैठकीतल्या जाणत्या माणसाकडून आणि गुरवाकडून, असा दोन्हीकडून विचारून मगच छापावा. शेजारच्या गावात पाहिलेली रीत या गावाच्या बातमीत घालू नये. कपड्यांविषयी लिहायचे तर पालखी खांद्यावर नाचवणाऱ्या तरुणांचे पांढरे सदरे आणि एकसारखे फेटे ही बहुतेक ठिकाणी अलीकडची हौस आहे, आणि तिच्यामागे मुंबईतल्या गावमंडळाची वर्गणी असते. ती बातमी जरूर कर. नमन-खेळे या शिमग्यातल्या लोकनाट्यातला काळ्या अंगरख्याचा, उंच टोपीचा संकासूर पोरांना का घाबरवतो हेही लिही. फक्त एक कटाक्षाने टाळ. तुमचे छायाचित्रकार सहाणेसमोर नव्या कुर्त्यातले मॉडेल उभे करून फोटो काढू पाहतील. त्यांना तू स्वतः थांबव. देवीच्या मानाच्या जागेचा पडद्यासारखा वापर झालेला गावाला खपत नाही, आणि का खपावा?

तुझ्या पत्रासोबत जोडलेले वर्षाचे वेळापत्रक मी पाहिले. त्यात उन्हाळी संग्रह, पावसाळी सवलत, सणासुदीचा संग्रह आणि हिवाळी संग्रह असे चार भाग आहेत. हे वेळापत्रक कोकणाबाहेर बसलेल्या कोणीतरी केले आहे, हे उघड आहे. इथला खरेदीचा मोठा काळ गणपतीपूर्वीचा, कारण चाकरमानी गावाला येतो तो नव्या कपड्यांनिशी, आणि घरी राहिलेल्या भावालाही त्याच्या बरोबरीने उभे राहायचे असते. दुसरा काळ शिमग्याचा आणि त्यापुढे मे महिन्यातल्या लग्नांचा. जून-जुलैची पावसाळी सवलत मिरकरवाडा किंवा हर्णै अशा मासेमारी बंदरांवर जोरात जाहीर करण्यापूर्वी विचार कर की १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि त्या दोन महिन्यांत बंदरावरच्या घरांतून पैसा जपूनच बाहेर पडतो. तिथला हात मोकळा व्हायला लागतो तो श्रावणात, नारळी पौर्णिमा आली की. मालवणात नारळ लढवण्याची धांदलही तेव्हाच असते. काही तारखा तर तुला कोणत्याच छापील दिनदर्शिकेतून वर्षभर आधी मिळणार नाहीत. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा तिथीने ठरत नाही. देवीचा कौल झाल्यावर तारीख जाहीर होते आणि ती कळताच मुंबईत रेल्वेच्या तिकिटांसाठी धावाधाव सुरू होते. अशा बातमीसाठी अंकात जागा राखून ठेवावी लागते.

खेळांच्या पानावर तुझी खरी परीक्षा आहे, कारण तिथे चूक लगेच पकडली जाते. दिवाळी उलटली की पावसाला सुरुवात होईपर्यंत प्रत्येक मोकळ्या शेतात टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात आणि जवळपास प्रत्येक संघाच्या अंगावर कोणा ना कोणाचे नाव छापलेला टी-शर्ट असतो. इथे तुझी कंपनी आपसूकच बातमीत येते. त्याने हुरळून जाऊ नये. टी-शर्ट कोणी दिले याला शेवटचे एक वाक्य पुरे. आधी अंतिम सामन्याच्या धावा, मालिकावीर कोण आणि कोणत्या वाडीचा, पंच कोण, हे पूर्ण यायला हवे. गुणलेखकाच्या वहीचा फोटो काढून ठेवण्याची सवय लाव, कारण समालोचकाच्या ध्वनिवर्धकावरून ऐकलेली नावे हमखास चुकतात.

कबड्डीत पोशाखाचा प्रश्न याहून खोल आहे. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात आणि रत्नागिरीतही हा खेळ घराघरांतला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर गावच्या मैदानावरच्या मुलांनाही मॅटची आणि तिथल्या पोशाखाची ओढ लागली. मातीत अनवाणी खेळणाऱ्याला मॅटवर बूट घालावे लागतात, घसरल्यावर कातडी सोलवटते म्हणून गुडघ्याला पट्टा लागतो. चढाईपटूला धड आणि हातपाय यांखेरीज इतर कशाला धरून थांबवले तर तो बाद धरला जात नाही; त्यामुळे ढगळ जर्सीचा काठ पकडणाऱ्याच्या मुठीत आला की तिथे वाद ठरलेलाच. जर्सी अंगाला किती बेतून असावी, तिचे कापड किती ताणले जावे, पाठीवरचा क्रमांक शिवावा की छापावा, हे खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना विचारून लिहिलेस, तर तो मजकूर खेळाचाही होईल आणि वस्त्राचाही. मुलींचे संघ वगळू नकोस. कंपनी पुरुषांचे कपडे विकते म्हणून पाक्षिकाने निम्मे गाव पाहायचे नाही, असे कोणी म्हटले तर बहिणीचा सामना पाहायला मैदानावर आलेले भाऊ आणि वडीलच तुमचे ग्राहक आहेत, एवढे सांग.

पावसात लांजा-संगमेश्वराकडे चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा होतात आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यांवर वाळूत बैलगाड्या धावतात. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मात्र अटी आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती आहे की नाही हे पाहिल्याशिवाय बातमी देऊ नकोस आणि कंपनीला प्रायोजक तर मुळीच होऊ देऊ नकोस.

राहणीमानाचे पान लिहिताना मोठ्या शहरांतल्या मासिकांचे अनुकरण करण्याचा मोह होतो. हिवाळ्यात एकावर एक तीन कपडे कसे चढवावेत, हा लेख देवगडच्या वाचकाला कशासाठी? त्याच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही, कपाटातल्या कोटाला आणि चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, आणि मे महिन्यात दुपारच्या मुहूर्तावर नवरा मुलगा अस्तर लावलेल्या शेरवानीत घामाने निथळत उभा असतो. इथे कापडाची माहिती देणे म्हणजे खरी सेवा आहे. प्रमाणित हवेत, म्हणजे चाचणीसाठी ठरवलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत, कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, लिननची क्षमता त्याहून जास्त, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिएस्टर दोरीवर लवकर वाळते, पण दमट हवेत अंगावर चिकटते. सुती कपडा अंगाला सुखाचा, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरतो. मिश्र धाग्याचा कपडा कुठे उपयोगी आणि कुठे नाही, लग्नाच्या कोटाला पाठीत अर्धेच अस्तर का घ्यावे, पावसाळ्याआधी कपडे कोणत्या अवस्थेत ठेवून द्यावेत, हे लिही. कंपनीचा एखादा माल इथल्या हवेला योग्य नसेल तर निदान त्याची भलामण या पानावर होऊ देऊ नकोस.

आणखी एक विषय सुचवतो, जो तुझ्या वरिष्ठांना प्रथम रुचणार नाही. बाजारपेठेतल्या शिंप्यांवर लिही. तयार कपड्यांनी त्यांची शिलाई कमी केली हे खरे असले, तरी तुमच्याच पँटची उंची कमी करायला आणि कंबर सैल करायला गिऱ्हाईक त्यांच्याचकडे जाते, आणि त्यांच्या मापाच्या वहीत गावातल्या पुरुषांच्या अंगलटीची जी माहिती आहे, ती तुमच्या आकारांच्या तक्त्यात नाही. कारखान्यातला आकार इथल्या खांद्याला कुठे बसत नाही, हे कंपनीला फुकट कळेल.

आता जाहिरातीविषयी. पैसे घेऊन किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस वाचकाला स्पष्ट कळली पाहिजे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सांगितले आहे आणि २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वेही आली. तेव्हा चौकटीवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक हवा. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांनी भागणार नाही. जिंकलेल्या खेळाडूचा बातमीतला फोटो उचलून शर्टाच्या किमतीशेजारी लावला की ती बातमी राहत नाही. त्यासाठी त्याची लेखी संमती आणि मोबदला दोन्ही ठरवून घे. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागेल. कोणाच्या तरी मोबाइलवरून फिरत आलेले जत्रेचे छायाचित्र वापरू नकोस. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते टिपणाऱ्याचा असतो, आणि गावातला जो मुलगा चांगले फोटो काढतो त्याला नाव आणि मानधन दिलेस तर पुढच्या वर्षी तो तुला स्वतःहून बोलावील.

वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यासमोर एकाच सामन्याच्या बातमीचे दोन नमुने ठेव. एकात त्यांच्या इच्छेप्रमाणे शर्ट येऊ दे, दुसऱ्यात सामना पूर्ण येऊ दे आणि खाली वेगळी जाहिरात. मग दोन्ही नमुने त्यांच्याच दुकानातल्या विक्रेत्यांना वाचायला द्यायला सांग. ती मुले आसपासच्या वाड्यांतली आहेत आणि त्या सामन्यात कोण खेळले हे त्यांना ठाऊक आहे. पहिला अंक गणपतीपूर्वी काढायचा असेल तर गणपतीतल्या जाखडी नाचाच्या, शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन्ही पक्षांच्या, तालमी जुलैतच पाहून ये, कारण नंतर कोणालाच बोलायला सवड नसते. छापण्याआधी मजकूर माझ्याकडे पाठवलास तर गावांची आणि माणसांची नावे तेवढी तपासून देईन. बाकी भाषेत मी हात घालणार नाही.

तुझा,
काका