किडनीला मार लागला पण ऑपरेशन न करता घरी सोडलं, तर परत सीटी स्कॅन करावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ बाईकवरून पडला, किडनीला ग्रेड ३ चा मार, ऑपरेशन न करता घरी सोडलं आणि आता नातेवाईक म्हणतायत दर महिन्याला सीटी करून घ्या. मी डॉक्टर नाही, पण २०१९ ला घाटात पडून माझी डावी किडनी फाटली होती, ग्रेड ४, तीही बिनऑपरेशनचीच बरी झाली.

सगळं ग्रेडवर आहे बघा. १ ते ५ असतात. ३ पर्यंत किडनी चिरली तरी लघवी जमते तो आतला भाग शाबूत असतो, ४ ला बऱ्याचदा चीर तिथपर्यंत जाते आणि लघवी आतल्या आत झिरपायला लागते. म्हणून ४-५ वाल्यांचा ४८ तास उलटले की परत एक सीटी करतात, माझा तिसऱ्या दिवशी झाला. शिरेतून डाय (आतलं स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते औषध) टोचून लगेच फोटो, मग दहा-पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं आणि परत फोटो, कारण डाय लघवीत उतरल्याशिवाय गळती दिसतच नाही. माझी गळती कमी झालेली दिसली म्हणून स्टेंट (लघवीच्या मार्गात आतून बसवतात ती बारीक नळी) टळला. १ ते ३ मध्ये पेशंट बरा असेल तर नुसतं बघायला म्हणून सीटी करत नाहीत, अमेरिकन युरॉलॉजीवाल्यांची गाइडलाइनही हेच सांगते. फक्त रिपोर्टमध्ये स्यूडोॲन्युरिझम (मार लागलेली नस फुगणं) वगैरे शब्द असेल तर ग्रेड ३ असला तरी युरॉलॉजिस्टना नीट विचारा.

आमच्या आईचंही तुमच्या नातेवाइकांसारखंच होतं, "आत काय चाललंय कुणाला दिसतंय", म्हणून दुसऱ्या महिन्यात मी आपला डॉक्टरांना न विचारता सीटी करून आलो आणि त्यांची चांगली बोलणी खाल्ली. रेडिएशन फुकट, डायचा किडनीवर ताण नको म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी तपासणी) बघायचं असतं तेही बघितलं नव्हतं, आणि कळलं काय तर रक्ताची गाठ विरघळतेय, जे सोनोग्राफीतही दिसलं असतं.

उलट जेव्हा खरंच पळायला हवं होतं तेव्हा मी घरी बसलो होतो. तिसऱ्या आठवड्यात, जरा बरं वाटतंय म्हणून गॅसची टाकी उचलली आणि संध्याकाळी लघवी परत लालभडक! सकाळपर्यंत थांबलो, मूर्खपणाच तो. डॉपलर (नसांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली, सुदैवाने काही निघालं नाही, पण असं उशिरा होणारं ब्लीडिंग पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जास्त होतं म्हणे, आणि नस फुगलेली निघाली तर जांघेतून नळी घालून ती बंद करतात. तेव्हा ताप, कुशीत वाढत जाणारं दुखणं, पोट फुगणं, चक्कर, परत लाल लघवी, यातलं काहीही झालं तर ग्रेड-बिड न बघता त्याच दिवशी जा, मग सीटी लागला तर लागू दे.

चार महिन्यांनी माझा डीएमएसए स्कॅन केला, कुठली किडनी किती काम करते ते त्यात कळतं, डावी ३८ टक्के आली. साध्या ग्रेड ३ ला तो सहसा सांगत नाहीत.

आणि स्कॅनच्या नादात बीपी राहून जातं. मार लागलेल्या किडनीमुळे ते नंतर काही महिन्यांनीसुद्धा वाढू शकतं, मी अजून मोजतो. भावाचं घरी आल्यापासून एकदा तरी मोजलंय का?