'जवळपास' गाळू नकोस

पोरी,

काल रात्री तुझे चारही व्हॉइस मेसेज ऐकले. इचलकरंजीत साडेदहा, म्हणजे तुझ्याकडे चीनमध्ये एक वाजला होता. रडली नाहीस, पण नाक तीनदा ओढलंस. तिथल्या डिसेंबरात ते नुसत्या गारठ्यानंही होतं. यांग्त्सेच्या दक्षिणेला उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नाही, घरात बाहेरच्यापेक्षा जास्त काकडतं. इलेक्ट्रिक ब्लँकेट घे आणि तो विषय संपव.

आता खरं बोलू. कंपनी शांघायच्या ऑफिसात घ्यायला तयार आहे आणि 'तिथं निदान इंग्रजी तरी चालतं' हे तू दोनदा म्हणालीस. तिथलं भाडं परवडणार नाही, हे तुलाही कळतं. कापडाचा बाजार तू आहेस त्या कच्याओत आहे, आणि लागलंच तर शांघाय बुलेट ट्रेननं दीडेक तासावर, हेही कळतं. मग मला कशाला विचारतेस? तुला कच्याओ नकोसं झालेलं नाही. भाजीवालीसमोर मुक्यासारखं उभं राहणं नकोसं झालंय. त्यावर शांघाय हे औषध नव्हे. आपल्या तोंडानं बोल.

'काका, तुमच्याकडे तर दुभाष्या होता,' म्हणशील. होता, म्हणूनच लिहितोय.

२०११ ला गेलो तेव्हा एक पोरगा ठेवला होता. इंग्रजी झकास, वागायला गोड. दुसऱ्याच वर्षी राणी कलरच्या जॉर्जेटची मोठी ऑर्डर होती. डाइंगवाल्यानं आमचं सँपल आणि त्याचं कापड खिडकीपाशी एकमेकांवर ठेवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, 'छा-बु-दुओ.' पोरगा म्हणाला, 'सेम आहे, सर.' मी मान डोलावली. न्हावाशेवाहून माल आला, गाळ्यात ताके उघडले, तर काही राणी आणि काही चक्क डाळिंबी. निम्मा माल सेलच्या भावात काढला. छा-बु-दुओ म्हणजे 'जवळपास'. ते 'जवळपास' पोराच्या तोंडातच राहिलं. पुढं कित्येक वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. पण त्यानं फसवलं नव्हतं. 'जवळपास' आणि 'तोच' यातला फरक त्याला मोठा वाटला नाही, कारण पैसे त्याचे नव्हते. दुभाष्या कामाला ठेवावा, तोंडाला ठेवू नये. आणि हो, मोबाईलमधलं अ‍ॅप म्हणजे दुभाष्याच. ते तर गोडही वागत नाही.

तू लिहितेस, 'मांस नको म्हटलं तरी घेवड्यात खिमा निघतो.' निघणारच. 'बु याओ रोउ' म्हटलंस की ते तुकडे घालत नाहीत. खिमा त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत, ती चव झाली. 'रोउ-मो ये बु याओ', खिमाही नको, असं म्हण. हे मला कुणी शिकवलं नाही. चार वर्षं वांगी उपसून ताटाच्या कडेला ठेवली, मग एकदा वैतागून स्वतः स्वयंपाकघरात शिरलो.

घर बदलतेयस ना? मालक एकदम चार महिन्यांचे पैसे मागेल. एक महिन्याचं डिपॉझिट, तीन महिन्यांचं आगाऊ भाडं, ही तिथली रीतच आहे, लुबाडणं नव्हे. राहायला गेलीस की चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद कर. एजंटला पाठवू नकोस. पासपोर्ट, भाडेकरार घे आणि काउंटरवर आपल्या तोंडानं बोल. तिथली बाई दोनदा वैतागेल, तिसऱ्यांदा हळू बोलेल. भाकरीचं विचारलं होतंस, ते विसरलोच. गाओल्यांग म्हणजे ज्वारीच. ताओबाओवर, म्हणजे तिथल्या ऑनलाइन दुकानात, पीठ मिळतं, लालसर असतं आणि थापताना तुटतं. कढत पाण्यात मळ.

मी आळशी होतो असं समजू नकोस. घरचे माग बंद पडायला आले होते, सायझिंगवाल्याचं देणं थकलं होतं, दिवसभर शे-शंभर गाळे पालथे घालायचे. शिकायला वेळ कुठला? बायको म्हणते, रोज रात्री इंडियन हॉटेलात पत्ते कुटायला बरा वेळ होता. असो.

तिथं एखाद्या म्हाताऱ्याला इंडियन आहे म्हणालीस तर तो 'क दी-हुआ' म्हणेल. म्हणजे आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, १९४२ ला तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. तेवढ्या चार वर्षांत माणूस पेशंटशी चिनीत बोलायला लागला होता. मी नऊ वर्षांत आकडे आणि शिव्या शिकलो. त्यांचं नाव सांगून मी चहा मात्र पुष्कळ प्यालो.

२०२० च्या जानेवारीत त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीला घरी आलो, एका बॅगेनिशी. २८ मार्चला त्यांनी परदेशी माणसांना दार लावलं, व्हिसा असला तरी. घरमालकीण साठीची होती, सगळे तिला 'आयी', म्हणजे मावशी, म्हणायचे. तिनं मेसेज पाठवायला सुरुवात केली. वीचॅटवर, म्हणजे तिथल्या मेसेजच्या अ‍ॅपवर, साठ सेकंदांच्या पुढं बोलता येत नाही, ती दर वेळी साठच्या साठ वापरायची. अ‍ॅपला घातलं तर काहीच्या बाही अक्षरं यायची, कारण बाई अस्सल शाओशिंगच्या, म्हणजे कच्याओच्याच भागातल्या, बोलीत बोलायची. दुभाष्या केव्हाच नोकरी सोडून गावी गेला होता. मी प्रत्येकाला 'शिए-शिए', धन्यवाद, आणि जोडलेले हात पाठवत राहिलो. असे अकरा मेसेज आले. शेवटचा जूनातला. मग आलेच नाहीत.

सातव्यात मागं भांडी वाजतात. मला वाटतं, माझा कुकर असावा.

शांघायचं काय ते तू ठरव. त्याआधी एक कर. तो सातवा मेसेज तुला पाठवतोय. तुझी भाजीवाली शाओशिंगचीच आहे म्हणालीस, तिला ऐकव. अ‍ॅप लावू नकोस. ती सांगेल ते तू ऐक, नाही कळलं तर आपल्या तोंडानं पुन्हा विचार, आणि मला मराठीत लिही. हो, मी पुन्हा दुभाष्याच शोधतोय, कळतंय मला. फक्त तेवढं 'जवळपास' गाळू नकोस.

काका