अमेरिकेत मध्यावधी वर्षात राज्यांच्या प्रायमरीचे निकाल येत राहतात, ते भारतात बसून कसे समजून घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या राज्यात प्रायमरी असते, रात्री एक जण पुढे दिसतो आणि दोन दिवसांनी दुसराच जिंकलेला असतो, तर यातलं नेमकं काय बघायचं.

मी पत्रकार नाही. कामानिमित्त तीन वर्षं मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या उपनगरात होतो, २०१८ची मध्यावधी तिथेच पाहिली. मत द्यायचा हक्क नव्हता, त्यामुळे बघायला भरपूर वेळ होता. पुण्याला परतलो तरी चटक सुटली नाही.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे ‘मध्यावधी’ म्हटलं की सरकार पडलेलं असतं. तिथे कोणीही पडत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर, ठरलेल्या वेळी, प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा आणि बहुतेक राज्यांची गव्हर्नरपदं यांसाठी मतदान होतं. ते नोव्हेंबरात. त्याआधीची प्रायमरी म्हणजे तिकीटवाटप. फरक इतकाच की मुंबईत किंवा दिल्लीत बंद खोलीत याद्या ठरण्याऐवजी तिकीट कोणाला हे मतदार मत देऊन ठरवतात, आणि त्याचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं.

हे तिकीट इतकं महत्त्वाचं का, ते मला बेळगावच्या मामांमुळे नीट समजलं. मामा टिळकवाडीत राहतात. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून उभे राहिले, तेव्हापासून त्यांना अमेरिकेच्या राजकारणाची गोडी लागली. २०१८ साली ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत होते. स्वतःच्या पैशांतून जाहिरातींचा नुसता मारा, अगदी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातसुद्धा. आले तिसरे, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. २०२२ साली ते डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उतरले. काँग्रेस म्हणजे तिथली संसद, हे मामांना मी तीनदा सांगितलं होतं.

त्या वर्षी मिशिगनची प्रायमरी होती २ ऑगस्टला. आपल्याकडे नागपंचमी. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. साडेसहालाच फोन: “काय रे, आलं का आपलं माणूस?” मी म्हटलं, “मामा, आत्ता कुठे मतदान संपलंय.” “मग टीव्हीवर आकडे कसले दाखवतायत?”

मामांचा हा प्रश्न तुमच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. आपल्या डोक्यात मतमोजणी म्हणजे सकाळी आठला टपाली मतं, मग यंत्रं, मग फेऱ्या, आणि संध्याकाळपर्यंत गुलाल. सगळीकडे एकच आयोग, एकच पद्धत. अमेरिकेत असा आयोगच नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. मतं मोजतात काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे घटक, आणि काही राज्यांत त्याहून लहान शहरं-गावंसुद्धा. पत्रिका कधी उघडायच्या, टपालाने आलेली कुठपर्यंत धरायची, आकडे कधी लावायचे, हे सगळं राज्याराज्यांत वेगळं. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण शीत पातेल्याच्या कुठल्या थरातून उचललं ते आधी माहीत पाहिजे.

त्याच २ ऑगस्टच्या निकालांवरून सांगतो, म्हणजे नुसती तत्त्वं सांगितल्यासारखं होणार नाही. त्या दिवशी मिशिगनबरोबर कॅन्सस, मिझुरी, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन राज्यातही मतदान होतं.

ॲरिझोनाचे आकडे मतदान संपल्यावर तासाभराने, आपल्या सकाळी साडेआठला सुरू होतात. पहिला गठ्ठा असतो आधीच टपालाने येऊन पोचलेल्या मतांचा. रिपब्लिकन गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्या गठ्ठ्यात कॅरिन टेलर रॉबसन पुढे होत्या, आणि आमच्या व्हॉट्सॲप गटात एकाने “ट्रम्प यांची उमेदवार पडली” असं टाकूनही दिलं. मग प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेली मतं यायला लागली. ट्रम्पसमर्थक मतदारांचा टपालावर विश्वास नव्हता, ते केंद्रावर गेले होते. ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या कॅरी लेक पुढे गेल्या आणि शेवटी जवळपास पाच टक्क्यांनी जिंकल्या.

वॉशिंग्टन राज्यात मतदान जवळजवळ सगळं टपालानेच, आणि मतदानाच्या दिवशीचा शिक्का असला की पाकीट नंतर आलं तरी चालतं. तिथल्या तिसऱ्या मतदारसंघात खासदार जेमी हेरेरा ब्यूटलर पहिल्या रात्री दुसऱ्या क्रमांकावर होत्या. या राज्यात पक्षांच्या वेगळ्या प्रायमरी नाहीत. सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. म्हणजे त्यांना दुसरा क्रमांक पुरेसा होता. पण रोज नवी पाकिटं मोजली जात होती आणि रोज ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जो केंट थोडे जवळ येत होते. आठवडाभरात हेरेरा ब्यूटलर तिसऱ्या झाल्या आणि त्यांनी हार मान्य केली.

इथे एक बारकावा आहे आणि तो भले भले विसरतात. उशिरा मोजलेली मतं आणि उशिरा आलेली मतं या दोन वेगळ्या गोष्टी. पेनसिल्व्हेनियात कायद्याने मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी टपाली पाकीट उघडता येत नाही. त्यामुळे कोणी तीन आठवडे आधी पाठवलेलं मतसुद्धा तिथे रात्री उशिरा मोजलं जातं. वॉशिंग्टनमध्ये उलट, नंतर मोजलेलं मत म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत थांबलेल्या मतदाराचं मत. “उरलेली मतं अमक्याची असतात” असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा, कुठल्या राज्यातली?

आता प्रत्यक्ष काय उघडून बसायचं. मी एका खिडकीत असोसिएटेड प्रेसचे निकाल ठेवतो. ही सरकारी संस्था नाही, वृत्तसंस्था आहे, पण १८४८ पासून निवडणुकांचे निकाल गोळा करतेय आणि मागे असलेला उमेदवार आता गाठूच शकत नाही अशी खात्री पटल्याशिवाय विजेता जाहीर करत नाही. बहुतेक वर्तमानपत्रं आणि वाहिन्या तिचेच आकडे वापरतात. दुसऱ्या खिडकीत त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं संकेतस्थळ. (नाव तेच असलं तरी हे परराष्ट्रमंत्री नव्हेत. बहुतेक राज्यांत निवडणुकीचं खातं याच पदाकडे असतं.) आणि चुरस असेल तर तिसऱ्या खिडकीत ज्या काउंटीची मतं बाकी आहेत तिचं पान. नावांपुढचे टक्के मी शेवटी बघतो. आधी बघतो अंदाजे किती टक्के मतं मोजून झाली, मग कुठली राहिली. डेट्रॉइटसारख्या शहराची टपाली मतं एका मोठ्या सभागृहात मोजली जातात आणि आकडे सावकाश येतात, तेव्हा सगळा ग्रामीण मिशिगन मोजून झाला तरी १३व्या मतदारसंघाबद्दल काही कळलेलं नसतं.

म्हणून मामांना मी “थांबा” म्हणत राहिलो. त्यांनी दोनदा चहा घेतला, एकदा अंघोळ केली. तिथे डेमोक्रॅटिक बाजूला नऊ उमेदवार होते. शेवटी ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाच्या ॲडम हॉलियर यांना २३-२४. मामांना पटेना. “अठ्ठावीस टक्क्यांत कसलं जिंकणं?”

मिशिगनमध्ये चालतं. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो जिंकला. टेक्सास किंवा जॉर्जियात ते चाललं नसतं. तिथे पन्नास टक्क्यांच्या वर कोणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत काही आठवड्यांनी पुन्हा लढत. त्याच वर्षी टेक्सासच्या २८व्या मतदारसंघात हेन्री क्वेयार आणि जेसिका सिस्नेरोस यांची गाठ मार्चमध्ये सुटली नाही, मेमध्ये पुन्हा मतदान झालं, फेरमोजणी झाली आणि जूनमध्ये क्वेयार २८९ मतांनी जिंकले. पेनसिल्व्हेनियाच्या सिनेट प्रायमरीत मेहमेत ऑझ आणि डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्यात तेरा लाखांवर मतांमधून फरक होता ९५१ चा. १७ मेचं मतदान, मॅकॉर्मिक यांनी हार मानली ३ जूनला. मधल्या काळात रोज निकाल उघडून बघणारा मी एकटाच असेन असं वाटायचं. तर सांगायचं एवढंच की निकालांचं पान उघडण्याआधी त्या राज्याचा नियम वाचा. दोन मिनिटं लागतात आणि दोन दिवसांचा मनस्ताप वाचतो.

मामांचा पुढचा प्रश्न: “मग नोव्हेंबरात काय?” मी म्हटलं, ते झालंच समजा. डेट्रॉइटच्या त्या मतदारसंघात डेमोक्रॅट पडणं अवघड. खरी निवडणूक ऑगस्टमध्येच झाली होती. नोव्हेंबरात ठाणेदारांना ७१ टक्के मतं पडली. देशातल्या बहुसंख्य जागा अशाच कुठल्यातरी एका पक्षाच्या हक्काच्या आहेत, आणि तिथे प्रायमरीला येणारे थोडे लोक खासदार ठरवतात. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या बड्या नेत्याला हरवलं, तेव्हा सात लाख वस्तीच्या मतदारसंघात एकूण मतं पडली होती तीस हजारांच्या आसपास. पुण्यात महापालिकेच्या एका प्रभागातसुद्धा एवढी मतं पडतात.

पण प्रायमरीवरून नोव्हेंबरचा अंदाज बांधायचा मोह आवरा. त्याच रात्री मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघात पीटर मायर हे रिपब्लिकन खासदार स्वतःच्याच पक्षाच्या जॉन गिब्ज यांच्याकडून हरले. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या दहा रिपब्लिकन खासदारांपैकी मायर एक, हेरेरा ब्यूटलर दुसऱ्या. गंमत म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचारसमितीने गिब्ज किती कट्टर आहेत हे सांगणारी जाहिरात सव्वाचार लाख डॉलर खर्चून दाखवली होती, म्हणजे रिपब्लिकन मतदार त्यांच्याकडे वळावेत. डाव लागला. नोव्हेंबरात गिब्ज हरले आणि ती जागा डेमोक्रॅट हिलरी शॉल्टन यांना मिळाली. तिकडे वॉशिंग्टनमध्ये जो केंटही एका टक्क्याच्या आत हरले. मला स्वतःला हा डाव हलकट वाटला. उद्या तोच उमेदवार जिंकला असता तर?

त्या दहांपैकी चार जण प्रायमरीत हरले, चार उभेच राहिले नाहीत, आणि जे दोघे टिकले ते वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाचे, म्हणजे जिथे सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर असतात तिथले. हेरेरा ब्यूटलर यांचं उदाहरण समोर असल्यामुळे नियमानेच वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण फक्त आपल्या पक्षाच्या प्रायमरीला येणाऱ्यांपुढे जाण्यापेक्षा सगळ्या मतदारांपुढे जाणं त्यांना सोपं गेलं असणार.

आणि पत्रिकेच्या तळाशी काय आहे तेही बघत जा. त्या सकाळी सगळ्यात मोठी बातमी उमेदवारांची नव्हतीच. कॅन्ससमध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढायचा का, यावर प्रायमरीच्याच दिवशी मत घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जूनच्या अखेरीस गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल फिरवल्यावर असा हा पहिलाच कौल. कॅन्सस रिपब्लिकन राज्य, तारीखही अशी की डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदार सहसा घरी बसतात. दुरुस्ती ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी फेटाळली गेली. मी मात्र सकाळभर डेट्रॉइटच्या आकड्यांत डोकं घालून बसलो होतो, ही बातमी मला दुपारी जेवताना बायकोने सांगितली.

मामांनी संध्याकाळी पुन्हा फोन केला, पेढे वाटून झाल्यावर. नोव्हेंबरात मीच त्यांना फोन केला, तर म्हणाले, “ते तू ऑगस्टातच सांगितलंस की. जॉर्जियाचं काय झालं ते सांग.”