डाऊन सिंड्रोमच्या बाळाला हृदयदोष असेल, तर आयुष्य कमीच असतं का?

पूर्वी असायचं, आता चित्र बरंच बदललंय. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. अमेरिकेतल्या मृत्युनोंदींनुसार डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचं मृत्यूसमयीचं मध्यक वय 1983 मध्ये 25 होतं, 1997 मध्ये 49 झालं. यात हृदयशस्त्रक्रियेचा वाटा मोठा. एकेकाळी कित्येक डॉक्टर 'या मुलांना ऑपरेशन कशाला' म्हणून टाळत, हेही खरंय.

खरी मेख वेळेत आहे. हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र असेल (एव्हीएसडी) तर फुफ्फुसातला रक्तदाब वाढत जातो, आणि या बाळांत तो लवकर वाढतो. म्हणून ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत करतात. फार उशीर झाला तर ओठ-नखं निळी पडू लागतात. त्या टप्प्यावर छिद्र बुजवणं सहसा शक्य नसतं. गंमत म्हणजे दाब जास्त असला की स्टेथोस्कोपला छिद्राचा वेगळा आवाज (मर्मर) बऱ्याचदा येतच नाही आणि घरचे निर्धास्त राहतात. त्यामुळे बाळ ठणठणीत दिसलं तरी जन्मानंतर लगेच टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कराच. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, त्यात हृदयदोष येतो.

ट्रायसोमी 18 (डाऊन सिंड्रोमसारखाच जादा गुणसूत्राचा, पण वेगळा विकार) ची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत.