ट्रेड डिरेक्टरीत नाव आहे, पण फोन येत नाहीत. पैसे भरून पॅकेज घ्यावं का?

तुमच्या वडिलांचा भांडुपला रबर गास्केट आणि ओ-रिंगचा गाळा आहे, वर्षभरापूर्वी एका ऑनलाइन डिरेक्टरीत फुकट नोंदणी केलीत, चौकशी जवळजवळ शून्य आहे आणि आता तिथला सेल्सवाला पॅकेजसाठी मागे लागलाय. माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका. आधी पान नीट करा, दोन-तीन महिने बघा, मग ठरवा.

आमचा साकीनाक्याला स्प्रिंगचा गाळा आहे. आम्ही अशाच एका डिरेक्टरीचं वर्षाचं पॅकेज घेतलं होतं. पान वर आलं, फोनही आले, पण एकच चौकशी आमच्यासारख्या आणखी चार-पाच जणांकडे गेलेली असायची आणि बऱ्याच जणांना दोन-चार नगच हवे असायचे. ऑर्डर फारशा झाल्या नाहीत. खरी अडचण पानावरच्या मजकुरात होती. तिथे लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारच्या स्प्रिंग मिळतील’, आणि खाली गाळ्याच्या बोर्डाचा फोटो.

तळोज्याच्या एका कंपनीतले पर्चेसवाले आमचे जुने गिऱ्हाईक. एकदा ते आले असताना मी विचारलं, साहेब, नवा माल शोधायचा तर तुम्ही नेमकं काय टाइप करता? त्यांनी मोबाइलच दाखवला: ‘एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) कॉम्प्रेशन स्प्रिंग २ एमएम वायर’. ‘सर्व प्रकारच्या’ असं कोणी शोधत नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग आम्ही कॉम्प्रेशन, टेन्शन आणि टॉर्शन यांची वेगवेगळी पानं केली. प्रत्येकावर तारेची जाडी किती ते किती, बाहेरचा व्यास, मटेरियल, कमीत कमी नग आणि माल किती दिवसांत देऊ ते लिहिलं. तार आयएस ४४५४ ची (स्प्रिंगच्या तारेचं भारतीय मानक) असेल तर तेही, कारण गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर तोच नंबर असतो. हळूहळू फोन करणारी माणसंच बदलली. साइज हातात घेऊन बोलणारे लोक यायला लागले.

तुमच्या मालात तर सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. तेलासाठी नायट्राइल, पाणी आणि वाफेसाठी ईपीडीएम, जास्त तापमान आणि केमिकलसाठी व्हिटॉन, हे वडिलांना तोंडपाठ असणार. ते पानावर उतरवा. प्रत्येक रबराचं वेगळं पान करा, त्यात हार्डनेस शोअर ए मध्ये (रबराचा कडकपणा मोजायचं माप) द्या, ओ-रिंगचा आतला व्यास आणि सेक्शनची जाडी द्या. माल कुठे बसतो तेही लिहा: पंप, व्हॉल्व्ह, प्लेट हीट एक्स्चेंजर. फार्मावाले ‘टीसी गास्केट’ (ट्राय-क्लोव्हर, पाइपच्या क्लॅम्पच्या जोडात बसणारं) म्हणून शोधतात. तुम्ही ते बनवत असाल तर तो शब्द नावातच हवा. रबरी गास्केट आणि सील एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड) ४०१६ मध्ये येतात, तो कोड टाका. २७ ने (महाराष्ट्राचा कोड) सुरू होणारा तुमचा १५ अंकी जीएसटी नंबरही टाका. कंपनीला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) हवं असतं, त्यामुळे नंबर नसलेला माणूस पहिल्याच फेरीत गळतो. आणि ‘मॅन्युफॅक्चरर’ असाल तर तेच निवडा. आमची नोंद कित्येक महिने ‘ट्रेडर’ म्हणून पडून होती.

फोटो नेटवरून उचलू नका. पांढऱ्या कागदावर ओ-रिंग ठेवा, शेजारी व्हर्निअर (माप घ्यायचा कॅलिपर), खिडकीचा उजेड, झालं.

एकदा स्वतःच्या फर्मचं नाव आणि जुने-नवे सगळे फोन नंबर टाकून शोधा. आमची तीन पानं निघाली. एकावर बंद पडलेला लँडलाइन, दुसऱ्यावर साकीनाक्याचं स्पेलिंग वेगळं आणि गाळा नंबर चुकलेला. सपोर्टला लिहून जास्तीची काढून टाकायला लावली. गुगलच्या नकाशावर, जीएसटीच्या कागदावर आणि डिरेक्टरीत नाव-पत्ता अक्षरशः एकच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोन. नोंदणीत वडिलांचाच नंबर असेल आणि ते प्रेसवर असतील, तर आवाजात रिंग ऐकूच येत नाही. पर्चेसवाला एका दमात चार-पाच ठिकाणी फोन लावतो आणि जो आधी नीट उत्तर देईल त्याच्याशी बोलणं पुढे नेतो. आमच्याकडे हे काम वहिनी बघते. साइज, मटेरियल, किती नग, कधीपर्यंत, एवढे चार प्रश्न विचारून वहीत लिहिते, दादाकडून भाव घेते आणि अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवते. माझ्या मते निम्मं काम तिथे होतं. तुमच्या घरात हे कोण करू शकेल ते आधी ठरवा, पान त्यानंतर.

त्याच वहीत एक रकाना ‘कुठून आला’ असा ठेवा. दोन-तीन महिन्यांनी डिरेक्टरीतून खऱ्या ऑर्डर येताना दिसल्या, तरच सगळ्यात छोटं पॅकेज घ्या. त्याआधी सेल्सवाल्याकडून ईमेलवर लेखी घ्या: एक चौकशी किती जणांना जाते, ठाणे, रायगड, पालघर असे जिल्हे निवडता येतात का, आणि मुदत संपल्यावर खात्यातून पैसे आपोआप कापले जाणार का. तोंडी ‘हो’ वर सही करू नका.