वाचकांचे प्रश्न : सेंट्रल पार्क, पण किती आणि कुठून?

मागच्या अंकात एका ओळीत सहज लिहून गेले होते की न्यूयॉर्कला जाणार असाल तर सेंट्रल पार्कला एक अख्खी सकाळ द्या, तर त्या एका ओळीवर इतके मेल आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी स्वतः तिथे तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत जाऊन आलेय, एकदा बहिणीबरोबर आणि दोनदा एकटी, आणि पहिल्या फेरीत जी घाई केली तिचं मला अजून वाईट वाटतं, त्यामुळे उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला चाललोय. मी ६७ ची, हे ७२ चे. माझे गुडघे दुखतात, जिने नको वाटतात. लेक-जावई ऑफिसला जाणार म्हणून एक दिवस आम्हीच ट्रेनने जाऊन पार्क बघून यायचं म्हणतोय. अख्खं पार्क बघायला किती तास लागतील?

उत्तर : काकू, सगळ्यात आधी तो "अख्खं" शब्द काढून टाका. हे पार्क ५९व्या स्ट्रीटपासून ११०व्या स्ट्रीटपर्यंत आहे, म्हणजे चार किलोमीटर लांब, साधारण पाऊण किलोमीटर रुंद, ८४३ एकर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यादी घेऊन दक्षिणेकडून उत्तरेकडे तीन तासांत चालत सुटले, आणि आज त्यातलं काय आठवतं म्हणाल तर फोनवरचा नकाशा आणि दुखणारी पावलं. म्हणून तुम्हाला एकच तुकडा सांगते, पण तो नीट बघा.

ट्रेनने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरलात की तिथेच सबवेची ए किंवा सी गाडी मिळते, अपटाऊनकडे म्हणजे उत्तरेकडे जाणारी घ्या, एने गेलात तर दुसरंच स्टेशन ५९ स्ट्रीट कोलंबस सर्कल. तिथेच उतरा, कारण तिथे लिफ्ट आहे, पार्कला अगदी लागून असलेल्या ७२व्या स्ट्रीटच्या स्टेशनात नाहीये, आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण सगळे तुम्हाला ७२ ला उतरा म्हणूनच सांगतील. वर येऊन सेंट्रल पार्क वेस्टवरून, म्हणजे पार्काच्या पश्चिम कडेच्या रस्त्यावरून, उत्तरेकडे जाणारी एम१० बस पकडा, ७२ ला उतरा. सबवेला जे कार्ड टॅप केलं तेच बसला दोन तासांच्या आत टॅप केलं तर बसचे वेगळे पैसे जात नाहीत, फक्त दोघांनी आपापलं वेगळं कार्ड वापरा.

७२ च्या कोपऱ्यावर जी जुनी भव्य बिल्डिंग दिसते ती डकोटा, बीटल्सचा गायक जॉन लेनन तिथे राहायचा आणि १९८० मध्ये तिच्याच दारात त्याला गोळ्या घातल्या. समोरून पार्कात शिरलात की त्याच्या आठवणीतलं काळ्या-पांढऱ्या दगडांचं गोल मोझेक लागतं, जमिनीवरच, कुणीतरी फुलं ठेवलेली असतात आणि बहुतेक वेळा कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं. तिथून पूर्वेकडे हळूहळू चालत राहिलात की बेथेस्डा टेरेस येतं. मधला जो डांबरी रस्ता लागेल त्यावर २०१८ पासून खासगी गाड्या बंद आहेत पण सायकली भन्नाट वेगाने येतात, तेव्हा तो रस्ता समजूनच ओलांडा.

टेरेसच्या वरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की खाली कारंजं, मागे तळं, पलीकडे झाडी, सगळं एकदम दिसतं. खाली उतरायचा जिना चांगलाच मोठा आहे, काकांना हवं तर उतरू दे, तुम्ही वर बसा, काही चुकत नाही. कारंज्यावरची ती पंखवाली मूर्ती एमा स्टेबिन्स या बाईंनी केलीय, १८७३ मध्ये ती बसवली. १८४२ मध्ये शहराला क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी मिळायला लागलं, त्याआधी खराब पाण्याने कॉलऱ्याच्या साथी यायच्या, त्या पाण्याची आठवण म्हणून ही देवदूत, तिच्या हातात लिली आहे. मला हे आधी माहीत नव्हतं, मी तिच्यासमोर फोटो काढून निघून गेले होते. दुसऱ्या वेळी माहीत होतं तर पाऊण तास बसले.

टेरेसकडून दक्षिणेला जी सरळ, रुंद, सपाट वाट जाते तिला मॉल म्हणतात (दुकानांचा नाही!), दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्मची मोठाली झाडं, वर फांद्यांची कमान. डच एल्म रोगाने अमेरिकेत ही झाडं प्रचंड प्रमाणात मेली, त्यामुळे इतके एल्म एका ओळीत आता फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. आणि काकू, तुमच्यासाठी खरी गोष्ट म्हणजे बाकं. पार्कात नऊ हजारांहून जास्त बाकं आहेत आणि त्यातल्या पुष्कळ बाकांवर छोटी पट्टी असते, कुणी आईच्या आठवणीत दिलेलं, कुणी इथेच लग्नाचं विचारलं म्हणून दिलेलं, ती वाचत वाचत एकेका बाकावर बसत गेलात तर गुडघ्यांनाही आराम आणि दुपार कशी गेली कळणारही नाही. परतीला त्याच वाटेने ७२ ला या आणि खाली, म्हणजे दक्षिणेकडे कोलंबस सर्कलला जाणारी एम१० घ्या. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळ होईल या काळजीने उठू नका. रेस्टरूम दिसलं की गरज असो नसो जाऊन या, पुढचं लगेच सापडेल असं नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोनच तास आहेत, बरोबर ६ आणि ९ वर्षांची मुलं. तिकडे सायकल रिक्षावाले फिरवतात म्हणे, ती घेतली तर कमी वेळात जास्त बघून होईल ना?

उत्तर : होईल, पण मुलांना त्यातलं काय आठवेल हा विचार करा. पेडिकॅबचं भाडं मिनिटावर असतं आणि ते गाडीवर लिहिलेलं असावं लागतं, तसा शहराचा नियमच आहे. मी आणि बहीण एकदा बसलो तेव्हा जो आकडा सांगितला गेला तो आम्ही फेरीचा समजलो, तो होता मिनिटाचा, आणि उतरताना जी रक्कम झाली ती देताना बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं कारण तो तिचा पहिला परदेश प्रवास होता आणि ती पै-पै मोजून आली होती. म्हणून बसायचंच असेल तर आधी पाटी वाचा, एकूण किती मिनिटं आणि एकूण किती डॉलर ते तोंडाने नक्की करा, आणि निघताना त्याच्यासमोरच फोनवर टायमर लावा.

पण मी तुमच्या जागी असते तर रिक्षा सोडून दिली असती. कोलंबस सर्कलकडून आत शिरा, पाच-सात मिनिटांवर हेक्शर प्लेग्राउंड आहे, पार्कातलं सगळ्यात मोठं, आणि त्याला लागूनच अंपायर रॉक नावाचा अजस्र काळपट खडक. मुलांना त्यावर चढू दे. वर गेल्यावर दगडात लांबच लांब खाचा दिसतील, त्यावरून हात फिरवायला सांगा, हिमयुगात शेकडो मीटर जाडीचा बर्फ इथून सरकत गेला त्याने ओरखडलेला आहे तो. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, तो तुम्हाला तिथून हलू देणार नाही. जवळच १९०८ सालचं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे. दोन तास संपले.

प्रश्न : पार्कात हरवायला होतं असं ऐकलंय. आणि फोनची बॅटरी गेली तर?

उत्तर : दिव्याचा खांब बघा. प्रत्येक खांबावर चार आकडे असतात. ५९ ते ९९ स्ट्रीटच्या पट्ट्यात पहिले दोन आकडे म्हणजे जवळचा स्ट्रीट, शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्व बाजूला, विषम असेल तर पश्चिम बाजूला. म्हणजे ७४०२ वाचलंत तर ७४वा स्ट्रीट, फिफ्थ अव्हेन्यूची बाजू. एवढं पुरतं. रॅम्बल नावाचा जो झाडीचा भाग आहे तिथे वाटा मुद्दामच वळणावळणाच्या ठेवल्यात, तिथे हा खांबच कामाला येतो.

प्रश्न : ताई, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले सेंट्रल पार्कात नैसर्गिक असं जवळजवळ काहीच नाही, सगळं डिझाइन केलेलं आहे. हे खरंय? मग ते बघताना काय बघायचं?

उत्तर : सर बरोबर बोललेत, आणि तू हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झालाय. खडक खरे आहेत, बाकी तळी, ओढे, धबधबे, टेकाडं, कुरणं बहुतेक सगळं माणसाने केलंय. १८५८ मध्ये स्पर्धा झाली, ३३ आराखडे आले, त्यात फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा निवडला गेला. शहराची अट होती की पार्क आडवं ओलांडणारे चार रस्ते हवेतच, बाकी बहुतेकांनी ते तसेच पृष्ठभागावर दाखवले, या दोघांनी ते जमिनीच्या पातळीखाली खणून नेले आणि वरून पूल आणि झाडी चालू ठेवली. तू तिथे गेलास की ६५, ७९, ८५ आणि ९७ च्या आसपास थांबून बघ, खालून बस-ट्रक जातायत आणि तुला नीट बघितल्याशिवाय कळतही नाही. घोडागाड्यांच्या काळात काढलेला उपाय मोटारींच्या काळातही चालतोय, मला वाटतं सेक्शन ड्रॉइंग (जमीन किंवा इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं चित्र) शिकायचं तर याहून चांगला धडा नाही. शिवाय पूल बघ, एकही दुसऱ्यासारखा नाही. उत्तरेकडच्या जंगलात हडलस्टोन आर्च आहे, न घडवलेले प्रचंड दगड चुन्या-सिमेंटशिवाय एकमेकांवर टेकवून उभा केलेला, त्याच्याखाली उभा राहा.

पण एक भाग असा आहे जो ड्रॉइंगमध्ये नाही. पश्चिमेला ८२ ते ८९ स्ट्रीटच्या मध्ये सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. गुलामीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी १८२५ पासून तिथे जमिनी विकत घेतल्या, घरं बांधली, पुढे आयरिश कुटुंबंही आली, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन चर्च, एक शाळा. आणि जमीन असणं म्हणजे नुसतं घर नव्हतं, न्यूयॉर्कच्या कायद्याने तेव्हा काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागायची, गोऱ्यांना ती अट नव्हती. म्हणजे त्या तुकड्यावर त्यांचं मत उभं होतं. पार्कासाठी सरकारने जमीन ताब्यात घेतली, मोबदला दिला, पण १८५७ पर्यंत वस्ती पूर्ण उठवली. आता तिथे माहितीचे फलक आहेत, घर एकही नाही. ८३ जवळ समिट रॉक आहे, पार्कातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा, तिथे बसून मी ते फलक वाचून आले होते आणि नंतर बराच वेळ मला खालचं गवत नुसतं गवत म्हणून बघताच येईना. तू शहरं बांधायच्या धंद्यात पडणार आहेस म्हणून हे लिहिलं, तिथे जाशील तेव्हा पुलांबरोबर हेही बघून ये.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. पार्कात एकटीने फिरणं सेफ आहे का? आणि गर्दी नको असेल तर कुठे जाऊ?

उत्तर : दिवसाउजेडी मी एकटी निवांत फिरलेय. पार्क सकाळी ६ ते रात्री १ उघडं असतं पण म्हणून रात्री जायलाच हवं असं नाही, अंधार पडायच्या आत झाडीतल्या वाटांमधून बाहेर या, डिसेंबरात तर साडेचारलाच सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा. बहुतेक पर्यटक दक्षिणेकडेच घुटमळतात, तुम्ही उत्तरेकडून सुरू करा. फिफ्थ अव्हेन्यू आणि १०५ ला कॉन्झर्व्हेटरी गार्डन आहे, मोठं लोखंडी फाटक, आत इटालियन, फ्रेंच, इंग्लिश अशा तीन पद्धतींच्या बागा, आणि ते शांतता क्षेत्र आहे म्हणजे मोठ्याने गाणी वगैरे लावायची नाहीत. हे गार्डन सकाळी ८ ला उघडतं आणि संध्याकाळी बाकी पार्काच्या बरंच आधी बंद होतं. एप्रिल-मेमध्ये ट्युलिप, ऑक्टोबरात शेवंती. मी शेवंतीच्या दिवसात गेले होते, परक्या शहरात ओळखीचं फूल एवढ्या संख्येने समोर आलं की काय होतं ते लिहून सांगता येत नाही. तिथून चालत हार्लेम मीर तळ्यावर जा. आणि मे महिना असेल तर एक पहाट रॅम्बलसाठी ठेवा, स्थलांतर करणारे वॉर्बलर पक्षी चारी बाजूंनी काँक्रीट असलेल्या शहरात हा हिरवा चौकोन बघून उतरतात, दुर्बिणी घेतलेली माणसं तिथे दिसतीलच, त्यांच्याजवळ शांतपणे उभं राहिलं की ती स्वतःहून दाखवतात.

प्रश्न : घरून डबा नेला तर चालतो का?

उत्तर : चालतो, अगदी बिनधास्त न्या. दारू, बार्बेक्यू आणि सिगरेट चालत नाही. चटई घेऊन शीप मेडोवर बसा, १९३४ पर्यंत तिथे खरोखरच मेंढ्या चरायच्या म्हणून ते नाव, पण थंडीत आणि पावसानंतर गवताला विश्रांती म्हणून ते कुरण बंद ठेवतात, फाटक बंद दिसलं तर शेजारच्या एखाद्या बाकावर डबा उघडा. खारी अगदी पायाशी येऊन हात पुढे करतात आणि मन होतं, पण प्राण्या-पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी आहे, तेव्हा पोळीचा तुकडाही टाकू नका, आणि डब्याचं झाकण लगेच लावून घ्या.