दारू लपवू नका ताई, ती रेकॉर्डवर आणा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मिस्टर आता 38 वर्षांचे, सरकारी महामंडळात क्लार्क. दोन वर्षांपूर्वी बाईकला टेम्पोने मागून उडवलं, कपाळाच्या बाजूला मेंदूला मार, ऑपरेशन, 19 दिवस आयसीयू. आधी घरात दारूचा थेंब नव्हता, आणि आता रोज पितात, भडकतात, ऑफिसला दांड्या मारतात, एकदा पिऊन गेले म्हणून ऑफिसकडून चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, आलीय. अपघाताच्या भरपाईच्या क्लेमच्या केसमध्ये इन्शुरन्सचा वकील म्हणतो हा दारुडा आहे, अपघाताशी काही संबंध नाही. सासरे म्हणतात व्यसनमुक्ती केंद्रात टाका, तिथे बांधून ठेवतात आणि सरळ करतात. आणि तुमच्या वकिलांनी सांगितलंय की साक्षीत दारूचं नाव काढू नका.

काढा. माझं मत एवढं स्पष्ट आहे, आणि ते तुमच्या वकिलांना दाखवलंत तरी मला चालेल.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक केस होती, घरच्यांनी दारूची गोष्ट माझ्यापासूनसुद्धा लपवली, आणि उलटतपासणीत समोरच्याने गल्लीतल्या लोकांची नावं घेऊन एकेक प्रश्न विचारला तेव्हा त्या बाईंना तिथेच रडू फुटलं. त्यानंतर डोकेदुखी, विसरभोळेपणा, फिट्स, जे खरं होतं त्यावरही कोर्टाचा विश्वास बसेना. लपवलेली गोष्ट समोरच्याच्या हातात गेली की ती त्याचं हत्यार होते, तीच आपण आधी डॉक्टरांच्या तोंडून मांडली तर आपला पुरावा होते.

कारण मेंदूचा पुढचा भाग म्हणजे आपला ब्रेक. थांबणं, रागावर ताबा, पुढचा विचार, हे सगळं तिथून चालतं. तिथे मार लागला की माणूस चालतो, बोलतो, दिसायला अगदी ठीक, पण मनात आलं की करतो. त्यात झोप नाही, डोकं दुखतं, आपण पूर्वीसारखे राहिलो नाही हे कुठेतरी कळतं, मग दारू हाताशी येते. आणि मार लागलेल्या मेंदूला ती जास्त चढते, फिटचा धोका वाढतो. हे न्यूरोवाले आणि सायकियाट्रिस्ट रोज बघतात, फक्त केस पेपरवर कुणी लिहून मागत नाही. तुम्ही मागा.

तुमच्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं जे तुम्ही सहज लिहिलंय, की गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं जळलं, घरभर वास, आणि हे शेजारीच खुर्चीवर बसलेले, यांना पत्ताच नाही. ताई, मी तिथेच थांबले. कपाळाकडचा मार असेल तर वासाची नस तुटू शकते, वास येणंच बंद होतं, आणि ते दारूने एका रात्रीत होत नाही. हे डॉक्टरांना सांगा, तपासून लिहून घ्या. आणि आजपासून एक वही करा, तारीख टाकून अशा गोष्टी लिहा, पगाराचे पैसे कुठे ठेवले ते विसरले, मुलाला शाळेतून आणायला गेले आणि तिसरीकडेच पोचले, जे असेल ते, तिखटमीठ न लावता.

आता कागद कुठले. अपघाताच्या रात्रीचा कॅज्युअल्टीचा पेपर काढा, बऱ्याचदा त्यावर दारूचा वास येत होता की नव्हता हे लिहिलेलं असतं, आणि नव्हता असं असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. अपघाताआधीचा ऑफिसचा हजेरीपट आणि गोपनीय अहवाल माहिती अधिकारात मागवा. आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस कोर्टासमोर शेजारी शेजारी उभे राहिले पाहिजेत. सीटी स्कॅनच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, आणि न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट, म्हणजे लक्ष, स्मरण, निर्णय किती कमी झालंय त्याची लेखी चाचणी. क्लेममध्ये फौजदारी केससारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कुठली एवढंच बघतात. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की सर्टिफिकेटवरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट एक नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. त्यासाठी उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आलेच पाहिजेत, नुसतं सर्टिफिकेट फाइलला लावून भागत नाही. व्यसनाच्या उपचाराचा पुढचा खर्चही क्लेममध्ये मागा. आणि मिस्टर स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाहीत असं डॉक्टर म्हणत असतील तर तुम्ही नेक्स्ट फ्रेंड, म्हणजे त्यांच्या वतीने केस चालवणारी व्यक्ती, म्हणून अर्ज करा, रक्कम एफडीत ठेवायची विनंतीही करा, एकरकमी हातात आली तर कुठे जाईल ते तुम्हीच जाणता.

नोकरीबद्दल मला जास्त काळजी वाटते. खरं सांगू का, क्लेमपेक्षा नोकरी मोठी आहे. समजा पगार 40,000, त्यात भविष्यातली वाढ 50 टक्के धरून 60,000, वर्षाचे 7,20,000, अपघाताच्या वेळी वय 36 म्हणून वयानुसार ठरलेला गुणक 15, म्हणजे 1,08,00,000, आणि कोर्टाने कमाईतली घट 60 टक्के मानली तर 64,80,000. आकडा मोठा दिसतो, पण नोकरी चालू राहिली तर कमाई गेली कुठे म्हणून तो बराच कमी होईल, हे मी आधीच सांगते. तरीही नोकरीच वाचवा, दर महिन्याचा पगार आणि पुढचे हक्क त्यातच आहेत.

2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 20 म्हणतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेने कामावरून काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही, जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून ठेवायचं. आणि रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की गैरवर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण असेल तरी शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरू शकते. ड्युटीवर पिऊन जाणं यात अवघड मुद्दा आहे, साहेब लोक ते सहज सोडणार नाहीत, म्हणून उत्तरात आरोपांवर वाद घालत बसण्यापेक्षा आधी मेडिकल बोर्डाकडून तपासणी करा अशी लेखी मागणी करा. दिव्यांग कायद्याच्या यादीत मेंदूची दुखापत असं वेगळं नाव नाही, सर्टिफिकेट बहुधा मानसिक आजाराखाली निघेल, त्याने गोंधळून जाऊ नका. आणि राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर मिस्टरांची सही होऊ देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. ती सही नंतर रद्द करून घेण्यात वर्षं जातात.

सासऱ्यांना सांगा, बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळी घालायला थेट बंदी आहे. त्याच कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारात धरलेत, त्यामुळे मिस्टरांची तयारी नसली तरी कलम 89 खाली तुमच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. मात्र दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, स्वतंत्र तपासून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतात, किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीत, असं लिहिलं पाहिजे. जागा रजिस्टर केलेलीच बघा, जिथे डॉक्टर रात्रीही असतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, आणि यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मला दोन ओळींच्या मध्ये दिसली. हात उचलत असतील तर तो आजार आहे म्हणून सहन करायचं असं कुठल्याही कायद्यात नाही, 112 लावा, त्याने क्लेम बुडत नाही.

चार्जशीटवर उत्तराची तारीख असेल, ती आधी बघा. उत्तर तयार नसेल तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.